कॅबिनेटचे फॅन सुरात कसे आणायचे

मिरजेला माझी आत्या गाणं शिकवते. करोनाच्या काळात शिकवण्या ऑनलाइन झाल्या, त्या बऱ्याचशा तशाच राहिल्या. पुण्या-नाशिकच्या मुली पडद्यावर बसतात, आत्या इकडे तानपुरा घेऊन बसते आणि तिच्यापासून हातभर अंतरावर टेबलावर संगणकाचं कॅबिनेट असतं. टेबलावरच, कारण २०१९ चा पूर बघितल्यापासून आमच्या नात्यागोत्यात कॅबिनेट जमिनीवर ठेवायला कुणी धजत नाही. पाण्यापासून ते वाचलं, पण कानाशी आलं.

"ते डबडं नुसतं दळण दळतंय, काहीतरी कर बाबा," असं तिनं सांगितल्यावर मी सांगलीहून गेलो, फॅन बदलले, वेग कमी केला. आवाज इतका उतरला की संगणक चालू आहे की नाही ते दिव्यावरून बघावं लागे. शाबासकीची वाट बघत होतो. दोन दिवसांनी फोन आला: "आवाज गेला रे, पण तुझी ही पेटी सुरात नाही. माझा षड्ज हलतोय."

आधी हसण्यावारी नेलं. मग कागद-पेन घेऊन बसलो, तर आत्या बरोबर होती. ते गणित पुढे येईल. त्या प्रकारातून मला जे कळलं ते मात्र आधीच सांगतो: फॅनचा आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो किती हलतो, हे माणसाला जास्त टोचतं. एकसारखी घरघर आपण थोड्या वेळात विसरतो. दर दहा सेकंदांनी चढणारी-उतरणारी घरघर काही केल्या विसरता येत नाही. त्यामुळे पुढच्या खटपटीत वेग कमी करणं हे अर्धंच काम आहे, उरलेलं अर्धं तो वेग एका जागी बसवण्याचं.

हे सगळं पहिल्यांदाच कॅबिनेट उघडणाऱ्यासाठी लिहितोय. लॅपटॉपला यातलं फारसं लागू नाही. कंपनीकडून तयार येणाऱ्या संगणकांच्या बायोसमध्येही (विंडोजच्या आधी चालू होणारी, मदरबोर्डची सेटिंगची पानं) फॅनची सोय बऱ्याचदा नसते. दुकानात सुटे भाग निवडून जोडून घेतलेला असेंबल्ड संगणक असेल, तर एक स्क्रू ड्रायव्हर, मोबाईलचा टॉर्च आणि वही घेऊन बसा. वही खरंच लागते.

आधी कान, मग हात

रात्री अकराच्या पुढे, रस्ता शांत झाल्यावर, छताचा पंखा बंद करा. पंखा चालू असताना फॅनचा आवाज तपासणं म्हणजे बँडबाजासमोर बसून तंबोरा लावणं. (या लेखात छताला लटकतो तो पंखा आणि कॅबिनेटमध्ये असतो तो फॅन.)

आता वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाला लावा आणि दुसरं कॅबिनेटभोवती फिरवा. आवाज करणारे पाच जण असू शकतात: प्रोसेसरवरचा फॅन, कॅबिनेटचे पुढचे-मागचे फॅन, ग्राफिक्स कार्डचे फॅन, एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा, फॅन आणि जुनी हार्डडिस्क. हार्डडिस्क खडखडते. माउस हलवल्यावर किंवा गेम चालू केल्यावर बदलणारी बारीक चिरचिर येत असेल तर ती ग्राफिक्स कार्डाच्या किंवा एसएमपीएसच्या कॉइलची असते, फॅनचा वेग बदलून ती जाणार नाही. एसएमपीएसचा फॅन आपला वेग आपणच ठरवतो आणि त्याचं झाकण घरी उघडायचं नाही, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही धक्का देण्याइतका भार राहतो. राहिले प्रोसेसर, कॅबिनेट आणि ग्राफिक्स कार्ड. हे तिघे ऐकतात.

वायर कुठे जाते ते बघा

संगणक बंद करा, मागचं एसएमपीएसचं बटण बंद करा, कॅबिनेटच्या धातूला एकदा हात लावा आणि डावी बाजू उघडा. प्रत्येक फॅनची वायर बोटाने धरून शेवटपर्यंत जा. निम्मं निदान इथेच होतं.

वायर मदरबोर्डवरच्या, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात त्या मुख्य पाटीवरच्या, छोट्या पिनांवर गेली असेल, तर त्या पिनांना हेडर म्हणतात. शेजारी बारीक अक्षरात सीपीयू फॅन, सिस फॅन किंवा चा फॅन असं इंग्रजीत छापलेलं असतं. ('चा' म्हणजे चासिस, आपला चहा नव्हे.) फॅनचा प्लग तीन छिद्रांचा आहे की चार, ते वहीत लिहा. पहिली वायर ग्राउंड, दुसरी बारा व्होल्ट, तिसरी मदरबोर्डला वेग कळवणारी. फॅन दर फेरीला दोन टिचक्या वाजवतो आणि बोर्ड त्या मोजतो. चार पिनी फॅनची चौथी वायर हुकमाची: बोर्ड तिच्यावरून सेकंदाला पंचवीस हजार वेळा चालू-बंद असा इशारा पाठवतो, आणि त्यात 'चालू'चा वाटा किती यावरून फॅन वेग ठरवतो. आकडा पंचवीस हजार का, तर माणसाचा कान साधारण वीस हजारांपर्यंत ऐकतो. या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. तीन पिनी फॅनला ही चौथी वायर नसते, त्यामुळे त्याचा वेग कमी करायचा तर व्होल्टेजच कमी करावं लागतं. बायोसमध्ये त्याला डीसी म्हणतात.

आता आपल्याकडची नेहमीची रड. काचेचं, रंगीत दिव्यांचं स्वस्त कॅबिनेट घेतलं की पुढचे फॅन बरेचदा मोलेक्सवर, म्हणजे एसएमपीएसच्या त्या मोठ्या चार पिनी पांढऱ्या प्लगवर, एकात एक ओवलेले असतात. थेट बारा व्होल्ट, कायम पूर्ण वेग. मदरबोर्डला ते फॅन अस्तित्वात आहेत हेही माहीत नसतं. आत्याच्या कॅबिनेटमध्ये असे तीन होते. जोडून देणाऱ्या दुकानदाराला विचारलं तर "दिवे लागतात ना?" एवढंच उत्तर मिळालं. दुसरा प्रकार सहा पिनी प्लगचा: सगळे फॅन एका डबीत जातात आणि सोबत रिमोट येतो. तेही बोर्डाचं ऐकत नाहीत. दोन्हींवर बायोसमधून काहीच करता येत नाही. तीन किंवा चार पिनी साधे फॅन घेऊन ते बदलणं, हा माझ्या मते सरळ मार्ग. दिव्यांचा हट्ट सोडला तर साधा चांगला १२० मिलिमीटरचा चार पिनी फॅन हजाराच्या आत येतो.

इथे एक सावधगिरी. दिव्यांच्या फॅनला दोन वायरी असतात, एक फिरण्याची आणि एक दिव्यांची. दिव्यांचे हेडरही दोन जातीचे: पाच व्होल्टचा तीन पिनांचा आणि बारा व्होल्टचा चार पिनांचा. पाच व्होल्टचे दिवे बारावर लावले तर ते जळतात. प्लग जोर लावून बसत असेल तर थांबा आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत चित्र बघा. पुस्तिका हरवली असली तरी कंपनीच्या साइटवर पीडीएफ असते.

हेडर कमी आणि फॅन जास्त असतील तर वायचा, म्हणजे दोन तोंडांचा, स्प्लिटर मिळतो. साध्या हेडरची ताकद सहसा एक अँपिअर असते. फॅनच्या मधल्या गोल चिकटपट्टीवर त्याची भूक लिहिलेली असते, ०.१५ किंवा ०.२५ वगैरे. बेरीज एकच्या बरीच आत ठेवा. त्याहून जास्त फॅन असतील तर साटावर (एसएमपीएसच्या चपट्या प्लगवर) चालणारा हब घ्या, तो हुकूम मदरबोर्डकडून घेतो आणि जेवण एसएमपीएसकडून. प्रोसेसरचा फॅन मात्र सीपीयू फॅन हेडरवरच राहू द्या. ते हेडर रिकामं दिसलं तर अनेक बोर्ड सुरू होतानाच तक्रार करून थांबतात.

झाकण उघडंच आहे तर हवेची दिशाही बघून घ्या. फॅनच्या ज्या बाजूला चौकटीच्या आडव्या दांड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढून आत, मागून आणि वरून बाहेर. एखादा फॅन उलटा बसवलेला सापडला तर नवल वाटून घेऊ नका.

बायोसमध्ये

संगणक चालू करताच डिलीट किंवा एफ-२ दाबत राहा. गीगाबाइटमध्ये फॅनचं पान स्मार्ट फॅन नावाने असतं, असूसमध्ये क्यू-फॅन, एएसरॉकमध्ये फॅन-टॅस्टिक ट्यूनिंग, आणि एमएसआयमध्ये हार्डवेअर मॉनिटरखाली. नावं वेगळी, आतला संसार एकच: डावीकडे हेडरांची यादी, मध्ये आलेख. आलेखाची आडवी रेघ तापमानाची आणि उभी वेगाची. याच आलेखाला कर्व्ह म्हणतात.

काहीही हलवण्याआधी प्रत्येक हेडर कोणत्या पद्धतीवर आहे ते बघा: ऑटो, पीडब्ल्यूएम की डीसी. तीन पिनी फॅन पीडब्ल्यूएमवर ठेवला असेल तर त्याला सतत पूर्ण बारा व्होल्ट मिळतात आणि कर्व्ह कितीही खाली ओढला तरी तो वाकत नाही. "सगळं करून बघितलं, वेग कमीच होत नाही" असं सांगत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं एवढंच असतं. तीन पिनी असेल तर डीसी, चार पिनी असेल तर पीडब्ल्यूएम, असं हाताने निवडा. ऑटोवर विसंबू नका.

तळ शोधा

प्रत्येक फॅनला एक वेग असा असतो की त्याखाली तो फिरतच नाही. तो शोधायला एक फॅन घ्या, आलेखाचे सगळे ठिपके ओढून एका आडव्या रेघेत ५० टक्क्यांवर आणा. आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, तिथेच दिसतात. ते वहीत लिहा. मग ४५, ४०, ३५ असं खाली या. कुठेतरी आकडा शून्य होईल किंवा फॅन अडखळेल. आता उलट वर चढा आणि थांबलेला फॅन पुन्हा आपणहून कधी सुरू होतो ते बघा. व्होल्टेजवर चालणाऱ्या फॅनला सुरू व्हायला जास्त जोर लागतो, म्हणून हे दोन आकडे वेगळे येतात. मोठ्या आकड्यात पाच टक्के मिळवा, तो तुमचा तळ. पीडब्ल्यूएम फॅन बरेचदा वीस टक्क्यांवरही निमूट फिरत राहतात, आणि काहींचा वेग एका मर्यादेखाली उतरतच नाही. दोन्ही ठीकच.

आता तळापासून पाच-पाच टक्क्यांनी वर जा आणि रोजच्या खुर्चीत, रोजच्या अंतरावर बसून ऐका. दोन गोष्टी लिहायच्या. पहिली, आवाज प्रथम कधी जाणवला. दुसरी, कुठल्या वेगाला कॅबिनेटचा पत्रा किंवा काच फॅनच्या तालात घुमायला लागते. असा पट्टा बहुतेक कॅबिनेटांत असतो, उदाहरणार्थ ९५० ते १०५०. त्याच्या खालीही बरं आणि वरही बरं, पण मध्ये बसलं की भणभण. कर्व्ह काढताना त्या पट्ट्यात मुक्काम करायचा नाही, एकदम ओलांडायचा.

मोबाईलवरची डेसिबल मोजणारी ॲप खरा आकडा देत नाहीत, पण मोबाईल एकाच जागी ठेवून आधीचा आणि नंतरचा फरक बघायला चालतात. ढोबळ नियम असा: फॅनचा वेग पाऊण केला की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो, निम्मा केला की पंधराने. हवा मात्र वेगाच्या प्रमाणातच घटते, निम्म्या वेगाला निम्मी. तेवढाच एक फॅन शेजारी आणखी लावला तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. म्हणजे एका फॅनला पळवण्यापेक्षा दोघांना चालवणं परवडतं, आणि १२० च्या जागी १४० मिलिमीटरचा बसत असेल तर तो त्याहून परवडतो.

कर्व्ह कोणाच्या तापमानावर

मघा म्हटलेल्या चढ-उताराचं मूळ इथे आहे. बायोसमध्ये कॅबिनेटचे फॅनही आपसूक प्रोसेसरच्या तापमानावर बांधलेले असतात. आजकालचे प्रोसेसर ब्राउझरचं एक पान उघडलं तरी क्षणभर पंधरा-वीस अंश उसळतात आणि दोन सेकंदांत परत खाली येतात. फॅन बिचारा प्रत्येक उसळीमागे धावतो. कॅबिनेटमधली हवा मात्र दोन सेकंदांत तापत नाही, तिला काही मिनिटं लागतात. थोडक्यात, ही धावाधाव फुकट असते.

यावर दोन उपाय आहेत आणि मी दोन्ही करतो. एक, कॅबिनेटच्या फॅनसाठी प्रोसेसरऐवजी सिस्टम किंवा मदरबोर्ड हे तापमान निवडायचं. ते सावकाश चढतं, सावकाश उतरतं. दोन, प्रोसेसरचा फॅन त्याच्याच तापमानावर ठेवायचा, पण कर्व्ह सुरुवातीला सपाट ठेवायचा आणि बायोसमध्ये स्टेप-अप, स्टेप-डाउन किंवा स्मूदिंग असं काही दिसलं तर सगळ्यात संथ पर्याय घ्यायचा. हिस्टेरिसिस हा शब्द दिसला तर घाबरू नका. तापमान किती अंश बदलल्याशिवाय फॅनने हलायचं नाही, याचा तो आकडा. चार-पाच ठेवा.

सुरुवातीला माझे आकडे घ्या, नंतर आपल्या कानाने बदला. प्रोसेसरच्या फॅनसाठी साठ अंशांपर्यंत ३० टक्के सपाट, सत्तरला ४५, ऐंशीला ७०, आणि ८८ च्या पुढे शंभर. कॅबिनेटच्या फॅनसाठी मदरबोर्डच्या तापमानावर पंचेचाळीसपर्यंत तुमचा तळ किंवा त्याच्या थोडं वर, पंचावन्नला ६० टक्के, पासष्टला शंभर. साठ अंशांना प्रोसेसर भाजतोय असं वाटून काहींचा जीव वर-खाली होतो. इंटेलचे अलीकडचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास, आणि रायझन ७००० मालिकेतले बहुतेक पंच्याण्णवला स्वतःच वेग कमी करून घेतात. साठ म्हणजे त्यांच्या हिशेबात कोवळं ऊन.

मग सेव्ह करा आणि तुमचं रोजचं जड काम अर्धा तास चालवा, मग तो गेम असो किंवा व्हिडिओ एडिटिंग. केवळ त्रास देण्यासाठी बनवलेल्या चाचण्या चालवून फॅन त्यांच्या बेताने लावले, तर वर्षभर विनाकारण आवाज ऐकावा लागेल. एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर सगळी तापमानं दाखवतं. प्रोसेसर पंच्याऐंशीच्या आत आणि एसएसडी सत्तरच्या आत असली की मी पुढे काही करत नाही.

आत्याचा षड्ज

आता ते गणित. फॅनच्या आवाजात नुसत्या हवेच्या सळसळीशिवाय एक ठरावीक स्वरही असतो. पाती चौकटीच्या दांड्यांवरून जाताना दर वेळी एक ठोका पडतो. पात्यांची संख्या गुणिले मिनिटाचे फेरे भागिले साठ, हा त्या स्वराचा आकडा. मी आत्याकडे लावलेले फॅन सात पात्यांचे होते आणि वेग ९०० वर बसवला होता. सात गुणिले नऊशे भागिले साठ म्हणजे १०५ हर्ट्झ.

आत्याची पट्टी काळी चार, म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीवर तिचा सा. तानपुऱ्याच्या जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन सारख्या, तारा साधारण २०८ हर्ट्झला आणि खर्ज, म्हणजे खालचा सा, त्याच्या निम्म्यावर, १०४. एकीकडे खर्ज १०४ ला, दुसरीकडे कॅबिनेट १०५ ला. जवळजवळ सारखे दोन स्वर एकत्र वाजले की त्यांच्यात फरकाइतके हेलकावे येतात. इथे सेकंदाला एक. जोडाच्या दोन तारांपैकी एक किंचित उतरली की जे ऐकू येतं तेच. तानपुरा लावताना कान नेमके हेच हेलकावे शोधतो, आणि पन्नास वर्षं तेच करणाऱ्या बाईपासून ते लपतील कसे? जिथे पिढ्यान्‌पिढ्या तानपुरे बनतात, जिथे गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, त्या मिरजेत मी बेसूर यंत्र बसवून आलो होतो.

तुमच्या घरी तानपुरा नसेल, पण हा हेलकावा दोन फॅनमध्येही होतो आणि तो खूप घरांत आहे. एकाच जातीचे दोन फॅन, एकाच हुकमावर, तरी एक ९८० फिरतो आणि दुसरा १०१०. सात पात्यांच्या हिशेबाने साडेतीन हर्ट्झचा फरक पडतो. मग खोलीत 'घूंऽ घूंऽ घूंऽ' अशी लाट येत राहते आणि माणूस बेअरिंग गेलं म्हणून नवे फॅन आणतो. नवेही तसेच करतात.

उपाय सोपा आहे: त्यांना जवळजवळ सारखं फिरू द्यायचंच नाही. वेगळ्या हेडरवर लावून दोघांत दीड-दोनशे फेऱ्यांचं अंतर ठेवा. आत्याच्या बोर्डवर कॅबिनेटच्या फॅनसाठी दोनच हेडर आहेत आणि ग्राफिक्स कार्ड नाही. म्हणून मी पुढचे जास्तीचे फॅन काढूनच टाकले. पुढे एक १४० चा, मागे एक १२० चा, दोन्ही सात पात्यांचे. पुढचा ६०० वर, म्हणजे ७० हर्ट्झ. मागचा ७५० वर, म्हणजे साडेसत्त्याऐंशी. दोघेही एकमेकांपासून लांब आणि खर्जापासूनही लांब. शिवाय इतक्या कमी वेगाला तो स्वर मुळातच क्षीण होतो. गाणं शिकवण्याइतक्या कामाला दोन फॅन भरपूर होतात. "तीन पुढे, तीन वर, एक मागे" ही दुकानातली बत्तीशी दिव्यांसाठी असते, हवेसाठी नव्हे.

ग्राफिक्स कार्ड असेल तर

माझ्या स्वतःच्या, सांगलीत विश्रामबागेतल्या, संगणकात कार्ड आहे आणि तिथे बायोस अपुरा पडतो. बहुतेक मदरबोर्डांना कार्डचं तापमान दिसतच नाही. गेम चालू होतो, कार्ड कॅबिनेटमध्ये दोनशे वॉट ओततं, आणि कॅबिनेटचे फॅन झोपलेले. मग कार्डचे छोटे फॅन एकटेच किंचाळतात.

विंडोजवर यासाठी फॅनकंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते सगळे हेडर आणि सगळी तापमानं ओळखतं. त्यात प्रोसेसरसाठी एक आणि कार्डसाठी एक असे दोन कर्व्ह काढायचे, आणि 'मिक्स' प्रकारचा तिसरा घेऊन त्याला सांगायचं की दोघांत जो मोठा असेल तो घे. कॅबिनेटचे फॅन या तिसऱ्यावर बांधायचे. प्रतिसादाचा वेळही तिथेच वाढवता येतो. कॅबिनेटचे फॅन जरा वेळेवर उठले की कार्डला थंड हवा मिळते आणि त्याचे किंचाळणारे फॅन खालीच राहतात. एकूण आवाज कमी होतो. हे मला आधी पटत नव्हतं, करून बघितल्यावर पटलं. कार्डचा स्वतःचा कर्व्ह बदलायला आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. पण पन्नास अंशांखाली फॅन पूर्ण थांबवण्याची सोय बऱ्याच कार्डांत असते, ती मोडू नका.

सॉफ्टवेअर विंडोज सुरू झाल्यावरच कामाला लागतं, म्हणून बायोसमधला कर्व्हही शहाण्यासारखा लावलेला असू द्या. असली सॉफ्टवेअर हार्डवेअरच्या मुळाशी हात घालतात, त्यामुळे ती मूळ बनवणाऱ्याच्याच ठिकाणाहून घ्या आणि ताजी ठेवा. २०२५ मध्ये विंडोज डिफेंडरने अशा अनेक सॉफ्टवेअरांत वापरलेला विनरिंगझिरो हा जुना ड्रायव्हर धोकादायक म्हणून अडवायला सुरुवात केली. इशारा आला तर तो बंद करून पुढे जाऊ नका, नवी आवृत्ती घ्या.

लिनक्सवाल्यांसाठी दोनच ओळी: एलएम-सेन्सर्स बसवून सेन्सर्स-डिटेक्ट चालवा, नंतर पीडब्ल्यूएमकॉन्फिग. ते फॅन एकेक थांबवून कोणता कुठला ते दाखवतं. आकडे टक्क्यांत नसून ० ते २५५ मध्ये असतात. माउसने करायचं असेल तर कूलरकंट्रोल बघा.

मे महिना आणि हळद

डिसेंबरच्या पहाटे माझ्या खोलीत वीस-बावीस अंश असतात, मेच्या दुपारी पस्तीस-छत्तीस. फॅनचा वेग तोच ठेवला तर खोली जितकी तापते, जवळपास तितकेच आतले भागही तापतात. म्हणजे डिसेंबरात बसवलेल्या कर्व्हवर मे महिन्यात सगळं चौदा अंश वर सरकतं, आणि जो फॅन हिवाळ्यात सपाट रेघेवर शांत होता तो चढावर जाऊन बसतो. म्हणून कर्व्ह उन्हाळ्यात बसवा. ते जमत नसेल तर हिवाळ्यात सपाट भाग आवश्यकतेपेक्षा दहा अंश पुढे ओढून ठेवा. मेमध्ये छताचा पंखा चालूच असतो, तेव्हा फॅन थोडा वर ठेवला तरी ऐकू येत नाही. फॅनकंट्रोलमध्ये उन्हाळा आणि हिवाळा अशा दोन जुळण्या जपून ठेवता येतात. साताऱ्याची मंडळी उंचावर आणि थोडी गारव्यात आहेत, त्यांनी माझ्या मेच्या आकड्यातून दोन-तीन अंश वजा करावेत.

धुळीचं गणित गावागणिक वेगळं. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात मित्र हिशेब बघतो. हळदीच्या हंगामात त्याच्या कॅबिनेटची पुढची जाळी अक्षरशः पिवळी होते. "फॅन हल्ली फार ओरडतो" म्हणून त्याने बोलावलं, तर कर्व्ह ठीक होता. जाळीतून हवाच येत नव्हती. त्याला मी दर पंधरा दिवसांनी जाळी काढून धुवायला आणि सावलीत पूर्ण वाळवून लावायला सांगितलंय. घरात दीड-दोन महिन्यांनी पुरतं. ब्लोअरने फॅन साफ करताना पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने फॅन मोकाट फिरला तर बेअरिंगला धक्का बसतो आणि तो उलट वीजही तयार करतो.

सगळं मनासारखं लागलं की बायोसच्या प्रत्येक कर्व्हचा मोबाईलवर फोटो काढा. बायोस अपडेट केलं किंवा बोर्डवरचा गोल सेल उतरला की हे आकडे बरेचदा पुसले जातात आणि फॅन पुन्हा पहिल्या दिवशीसारखे सुटतात. मी आकडे कागदावर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवतो. आत्याच्या झाकणावरच्या कागदावर ६०० आणि ७५० असे दोनच आकडे आहेत, आणि त्यांच्याखाली तिच्या अक्षरात: काळी चार सोडून.